लोनाखचा पाइपर, मुंबईचे फोर्ब्स आणि खमाज थाट

ढगाळ_हवा

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला येऊन सहा वर्षं झाली. इथे बॅगपाइप कानावर पडायचा राहत नाही. लग्नात असतो, पदवीदानात असतो, युनियन स्ट्रीटवर पुढ्यात टोपी उलटी ठेवून वाजवणारा कॉलेजातला पोरगा असतो. माझं मत पक्कं होतं: हे वाद्य लांबून ऐकावं आणि मधे एखादी टेकडी असली तर उत्तम. गेल्या ऑगस्टात त्या मताला तडा गेला, म्हणून हा धागा.

आमच्या शेजारचे आजोबा मूळचे स्ट्रॅथडॉनचे. त्यांनी बजावलं, "गॅदरिंग बघायचं तर ब्रेमारला जाऊ नकोस. तिथे लोक राजघराणं बघायला येतात. लोनाखला चल." लोनाख म्हणजे स्ट्रॅथडॉन खोऱ्यात ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी भरणारा मेळावा. सकाळी गाडी कडेला लावून रस्त्यावर उभे राहिलो. दिसत काहीच नव्हतं. आधी जमिनीतून आल्यासारखी एक घरघर, मग वळणावरून भाल्यांची टोकं, मग माणसं. किल्ट, खांद्यावर लांब भाले नाहीतर लोखाबर कुऱ्हाडी. कुऱ्हाड म्हणजे आपल्या परशूची थोराड बहीण समजा. पुढे पाइप आणि ढोल. पाच-सहा मैल असे चालतात, वाटेतल्या ठरलेल्या घरांसमोर थांबतात, घरमालक प्रत्येकाला व्हिस्कीचा घोट देतो, पाइपर घरासाठी एक चाल वाजवतो, पुन्हा पुढे. मागून एक घोडागाडी येते. कशाला, असं विचारलं तर आजोबा म्हणाले, "ज्यांना शेवटचं घर झेपलं नाही त्यांच्यासाठी."

दुपारी मैदानात नेहमीचं सगळं: लाकडाचे ओंडके उचलून फेकणं, गोळाफेक, मुलींचे नाच. आजोबा मला त्यातून ओढत मैदानाच्या पार कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे फळ्यांचा छोटा चौथरा, समोर एका तंबूत टेबल, टेबलामागे एक परीक्षक, हातात पेन्सिल. चौथऱ्यावर एकटा पाइपर. ऐकणारे आम्ही धरून पाच.

तो काय वाजवत होता ते मला कळेना. ताल सापडेना. एक सूर इतका लांबवायचा की आता हा विसरला बहुतेक, आणि मग खाली उतरताना बोटांतून पाण्याचे थेंब उडावे तसं काहीतरी व्हायचं. वाजवताना तो अगदी हळू चालत होता, टाच आधी, मग चवडा, जणू ओल्या सारवणावरून चाललाय. परीक्षकाकडे बघत नव्हता, आमच्याकडेही नाही. पलीकडे बँडचा धुमधडाका चालूच होता. आजोबांनी टोपी काढून हातात धरली. दहा-बारा मिनिटांनी संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, तोही खाली उतरून तंबूमागे गेला. आजोबा म्हणाले, "हे कॅमेरॉनांचं बोलावणं. रस्त्यावर जे ऐकलंस ते चालायचं संगीत. हे जमायचं."

तर जाणकारांना प्रश्न: यातलं स्कॉटिश कुळांचं (क्लॅनचं) खरं संगीत कोणतं? आणि खरं असलेलं असं कोपऱ्यात का?

चिवडा_पार्सल

आमच्या घरी रोज सकाळी सात वाजता मिक्सरवर कॅमेरॉनांचं बोलावणं होतं. सगळे जमतात.

बाकी घोडागाडीची कल्पना आवडली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सुचवतो.

जाईजुई

सुंदर लिहिलंय. पुढचे प्रतिसाद वाचायला बसलेय.

मंद्रसप्तक

कोपऱ्यात तुम्ही जे ऐकलंत त्याला गेलिक भाषेत क्योल मोर म्हणतात, म्हणजे 'थोर संगीत'. मार्च, रील, जिग, स्ट्रॅथस्पे या चालायच्या-नाचायच्या चाली, हे सगळं क्योल बेग, 'लहान संगीत'. या थोर संगीताचं दुसरं नाव पीब्रोख. आता वाद्याबद्दल थोडं, कारण वाद्य कळलं की पीब्रोख असं का वागतं ते कळतं.

पिशवीला पाच नळ्या: एक फुंकायची, एक बोटांची (चँटर), आणि खांद्यावरच्या तीन ड्रोन. दोन ड्रोन षड्ज धरतात, तिसरा लांबलचक त्याच्या खालचा खर्ज. तानपुरा म्हणा, फक्त जुळवून बाजूला ठेवता येत नाही, काखेतच असतो. चँटरला सूर अवघे नऊ. षड्जाखाली एक कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, वर पुन्हा कोमल नि आणि तार सा. म्हणजे चक्क खमाज थाट. त्यातल्या कित्येक रचना पाचच स्वरांत फिरतात आणि मग भूपाची सावली पडते. पाइपवाले आपल्या षड्जाला कागदावर 'ए' लिहितात, पण आज तो वाजतो आपल्या काळी पाचच्याही थोडा वर. स्वरांतरं पियानोची नाहीत, ड्रोनशी जुळवून घेतलेली आहेत. पाइप 'बेसूर' वाटतो असं म्हणणारे बहुतेक वेळा हार्मोनियमवर कान तयार झालेले असतात.

खरी गोम पुढे आहे. पिशवीतली हवा थांबत नाही, म्हणून सूर थांबत नाही. मोठा-लहान आवाज नाही, दोन सुरांत विश्रांती नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मधे दुसऱ्या बोटाने निमिषभराचा कण टाकून तो कापावा लागतो. तुम्हाला जे थेंब वाटले ते हे कण. त्यांचे ठरलेले पुंजके आहेत, टाओर्लुआत आणि क्रूनलुआत ही त्यातली मोठी नावं.

पीब्रोखची रचना अशी: आधी 'ऊर्लर', म्हणजे शब्दशः जमीन, घराची भुई. ती संथ धून. मग तिच्यातले मुख्य सूर धरून एकेक आवर्तन, प्रत्येकात कणांची वीण घट्ट होत जाते, क्रूनलुआतला बोटं दिसेनाशी होतात. आणि शेवटी सगळं सोडून पुन्हा जमिनीवर. तुमचा पाइपर ओल्या सारवणावरून चालल्यासारखा वाटला ना, नकळत बरोबर शब्द वापरलात.

आणखी एक. हे संगीत पूर्वी कागदावर नव्हतं. गुरू तोंडाने शिकवायचा, त्यासाठी 'हिहारिन', 'होडिन' असे बोल. सुरालाही बोल, कणालाही बोल. या बोलभाषेला कांटरॅख्क म्हणतात. तबल्याचे बोल पाठ केलेल्या माणसाला ही पद्धत पाच मिनिटांत पटते.

ढगाळ_हवा

मंद्रसप्तक, __/\__. त्या दिवशीचं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे. काळी पाचला तानपुरा लावून बघतो.

पुराभिलेख

आजोबांच्या वाक्यात बरंच तथ्य आहे. 'क्लॅन' हा शब्द गेलिक 'क्लान' वरून आला, अर्थ मुलंबाळं. कुळाच्या प्रमुखाकडे पाइपर हा मानकरी असायचा, वंशपरंपरागत. स्काय बेटावर डनव्हेगनच्या मॅक्लाउडांकडे मॅक्रिमन घराणं होतं, बोररेगला त्यांना जमीन दिलेली होती आणि तिथेच त्यांची पाठशाळा. स्लीटच्या मॅक्डोनाल्डांकडे मॅकआर्थर, गेअरलॉखला मॅकाय. पाइपरचं काम करमणूक हे फार कमी. प्रमुखाच्या स्वागताची रचना वेगळी, तिला 'फाल्चे' म्हणतात. मृत्यूनंतरची 'कुह', म्हणजे विलाप. आणि माणसं गोळा करायची 'क्रुन्यखग', तीच गॅदरिंग. डोंगराआडच्या माणसाला चाल ऐकून कळायचं की कोण बोलावतंय आणि कशासाठी. पॅट्रिक मोर मॅक्रिमनची मुलांसाठीची कुह प्रसिद्ध आहे. परंपरा सांगते, आठातले सात मुलगे एका वर्षात देवीच्या साथीने गेले.

आता थोडं कडू. 'कलोडननंतर इंग्रजांनी बॅगपाइपवर बंदी घातली' हे प्रत्येक टूर गाइड सांगतो. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनला जॅकोबाइट, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याचे पाठीराखे, हरले, त्यानंतरच्या कायद्याने हायलँडचा (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा) पेहराव आणि शस्त्रं यांवर बंदी आली, पण त्या कायद्यात बॅगपाइपचं नाव नाही. गोंधळ होतो तो जेम्स रीडच्या खटल्यामुळे. हा पाइपर, यॉर्कला खटला चालला. मी शस्त्र उचललंच नाही, असा त्याचा बचाव होता. न्यायालय म्हणालं, पाइपरशिवाय हायलँडची पलटण कधी चालत नाही, तेव्हा पाइप हे युद्धाचं शस्त्रच. नोव्हेंबर १७४६ मध्ये फाशी दिली.

पाठशाळा बंद पडल्या त्या बंदीने नव्हे, भाड्याने. कुळप्रमुख हळूहळू जमीनदार झाले, पाइपरला फुकट जमीन परवडेना. मग मेंढ्या परवडू लागल्या आणि माणसंही परवडेनात. ग्लेनगॅरीच्या मॅक्डोनेलने १८१५ मध्ये 'खऱ्या हायलँडरांची' संस्था काढली, आणि स्वतःच्या जमिनीवरची खरी हायलँडर कुळं तो उठवतच होता. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, घालून उभं केलं, तिथून हा सोहळा फॅशन झाला. प्रत्येक आडनावाला स्वतंत्र टार्टन हे बरंचसं त्या काळातलं दुकानदारीचं काम आहे. ब्रेमारला १८४८ मध्ये व्हिक्टोरिया गेली आणि शिक्कामोर्तब झालं. ढोलांसह पाइप बँड ही तर एकोणिसाव्या शतकातल्या पलटणींची देणगी. म्हणून कोपऱ्यातला एकटा जुना आणि मैदानातला ताफा नवा, हे उत्तर मला पटतं.

मंद्रसप्तक

अर्धंच पटलं. तो कोपराही 'नवा'च आहे. लंडनच्या हायलँड सोसायटीने १७८१ मध्ये फॉलकर्कच्या गुरांच्या बाजारात पहिली स्पर्धा भरवली, तिथून परीक्षक, नंबर, पदक हे सुरू झालं. आजही ओबान आणि इनव्हर्नेसची सुवर्णपदकं म्हणजे पाइपरच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. पण प्रमुखासाठी वाजवणारा माणूस एकदा परीक्षकासाठी वाजवू लागला की रचना गोठते. एका ठरावीक छापील पाठापासून ढळलं की गुण जातात. आपल्याकडे घराण्यांचं स्पर्धेवर भागवलं असतं तर काय झालं असतं?

पुराभिलेख

टिकलं असतं. पदकं नसती तर पीब्रोख आज फक्त हस्तलिखितांत असतं. हस्तलिखितावरून आठवलं: पाइपवादनावरचा पहिला मोठा ग्रंथ जोसेफ मॅक्डोनाल्ड नावाच्या तरुणाने १७६० च्या सुमारास लिहिला. कंपनीच्या नोकरीत तो हिंदुस्थानात आला आणि १७६३ मध्ये इथेच वारला. हस्तलिखित बंगालमध्ये सापडलं आणि १८०३ मध्ये त्याच्या भावाने छापलं.

सातपुड्याखाली

१८०३ चा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र. आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, आडगाव जवळ. १८०३ च्या नोव्हेंबरात वेलस्लीने भोसल्यांशी लढाई केली ती इथेच. त्याआधी २३ सप्टेंबरला असई. दोन्हीकडे ७८ वी हायलँडर पलटण होती. त्यांच्या पाइपरची गोष्ट गार्थच्या डेव्हिड स्टुअर्टने १८२२ च्या पुस्तकात नोंदवलीय.

असईला हुकूम झाला की वाजंत्र्यांनी जखमींना मदत करावी. एका पाइपरला वाटलं हे आपल्यालाही आहे. पाइप खाली ठेवून तो जखमी उचलायला गेला. लढाईनंतर पलटणीने त्याला सोडलं नाही: बासरीवाल्यांनी मागे जाणं समजू शकतो, पण पाइपरने? त्याची जागा लढाईच्या तोंडावर. बिचारा तोंड लपवून फिरत होता. आडगावला पलटण पुढे सरकू लागली तेव्हा त्याने असा काही पाइप फुंकला की माणसं ओळ मोडून धावायला लागली, आणि कर्नलला शेवटी त्याला 'गप्प बस' म्हणावं लागलं.

लहानपणापासून त्या शेतांतून फिरलोय. तोफगोळे सापडल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या, पण खमाज थाट ऐकला गेला असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. आमची बाजू हरली, हे वेगळं. पुढच्या महिन्यात गाविलगडही पडला.

जाईजुई

सातपुड्याखाली, वाचनमात्र राहू नका हो. काटा आला वाचताना. जखमी उचलले म्हणून टोमणे खावे लागले, हे मला जास्त लागलं.

एक प्रश्न. धाग्यात सगळे पाइपर पुरुषच. बायका वाजवत नाहीत का?

अटलांटिककाठ

जाईजुई, वाजवतात, आणि उत्तम. ओबान-इनव्हर्नेसच्या मोठ्या स्पर्धांची दारं मात्र त्यांना सत्तरच्या दशकात उघडली. आमच्या बँडची प्रमुख बाईच आहे, आणि तिच्या धाकापुढे ७८ वी पलटण काहीच नाही.

मी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला. तीन वर्षं शिकतोय. इथल्या लोकांच्या पूर्वजांची गोष्ट १७७३ मधल्या 'हेक्टर' जहाजापासून सुरू होते. सुमारे दोनशे माणसं, वाटेत देवी आणि हगवण, अठरा मुलं दगावली. त्या जहाजावर एक पाइपर भाड्याचे पैसे नसताना चढला होता. कप्तान उतरवत होता तर प्रवाशांनी सांगितलं, आमच्या शिध्यातला वाटा देतो, पण याला राहू द्या. परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे, पिक्टूला त्या जहाजाची प्रतिकृती आहे तिथे सगळे सांगतात. अँटिगोनिशचा मेळावा १८६३ पासून आहे. पुराभिलेख म्हणतात तो जमीनदारांचा सोहळा असेल तिकडे. इकडे तो हाकललेल्यांच्या पोरांचा आहे. कुळांचे तंबू लागतात, माणसं आडनाव शोधत येतात, आणि आपलं टार्टन खरंच किती जुनं आहे हे त्यांना कुणी सांगायला गेलं तर चहा मिळत नाही.

शिकणाऱ्यांसाठी माझी फजिती सांगतो. पहिल्या उत्साहात इंटरनेटवरून स्वस्तातला अख्खा पाइप मागवला. दिसायला झकास, लाकूड काळंभोर, पितळी कड्या. दोन आठवडे फुंकून गालफडं दुखली, सूर एक नाही. गुरुजींनी हातात घेतला, फिरवून बघितला, म्हणाले, "भिंतीवर छान दिसेल." मग सरावाचा साधा चँटर दिला, पिशवी नाही, ड्रोन नाही, आवाज लहान. त्याच्यावर वर्षभर घासलं. त्यानंतर पिशवी. खरी दमछाक फुंकण्यात नसते. फुंकर सोडून श्वास घेताना काखेने पिशवी अशी दाबायची की सुराला कळता कामा नये, तिथे जीव जातो. पहिल्यांदा चारही सूर स्थिर लागले तेव्हा पायाखालची फळी थरथरत होती आणि मी हसलो, त्यामुळे ओठांतून हवा सुटली आणि सगळं रेकलं.

चिवडा_पार्सल

शेवटचं वाक्य वाचून मिक्सरवरचा विनोद मागे घेतोय.

मंद्रसप्तक

अटलांटिककाठ, पत्ती बोरूची वापरता की प्लॅस्टिकची?

अटलांटिककाठ

चँटरला बोरूची, ड्रोनला कृत्रिम. हॅलिफॅक्सच्या हवेत तिन्ही बोरूच्या ठेवल्या तर वाजवण्यापेक्षा जुळवण्यात जास्त वेळ जातो.

काळाघोडाकर

सगळ्यांनी लोनाख लोनाख केलं, पण लोनाख कुणी सुरू केलं ते कुणीच लिहिलं नाही! ती संस्था १८२३ मध्ये स्थापन केली सर चार्ल्स फोर्ब्स यांनी. हे फोर्ब्स म्हणजे मुंबईच्या फोर्ब्स अँड कंपनीचे. तरुणपणी मुंबईत आले, पेढीचे मुख्य झाले, गडगंज होऊन परतले, स्ट्रॅथडॉनची वडिलोपार्जित जागा सांभाळली. फोर्टातला फोर्ब्स स्ट्रीट याच पेढीच्या नावाचा, आता तो व्ही. बी. गांधी मार्ग. आणि टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिकमध्ये, त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, चँट्रीने घडवलेला. मी त्याच्या पायाशी बसून वर्षानुवर्षं वर्तमानपत्रं वाचली, हा माणूस कोण हे विचारलं नाही. पार्लमेंटात हिंदी लोकांच्या बाजूने बोलायचे, आणि अखेरच्या काळात हिंदुस्थानात स्वच्छ पाण्याच्या सोयीसाठी मोठी रक्कम काढून ठेवली.

चिवडा_पार्सल

थांबा थांबा. फोर्ब्स. स्वच्छ पाणी. म्हणजे आमच्या ओट्यावरचा ॲक्वागार्ड??

काळाघोडाकर

युरेका फोर्ब्समधलं फोर्ब्स हे त्याच पेढीचं. पाण्याचा योगायोग मात्र निव्वळ योगायोग.

ढगाळ_हवा

मी हे वाचून खुर्चीतून उठलोच. म्हणजे ज्या भाल्यांकडे मी आ वासून बघत होतो त्यांच्या मिरवणुकीमागे मुंबईच्या व्यापाराचा पैसा! लगेच आजोबांकडे गेलो. त्यांना सर चार्ल्स माहीत होते, मुंबई माहीत नव्हती. "पूर्वेकडे कुठेतरी कमावलं" एवढंच. पुतळ्याचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "किल्ट नाही घातलेला." काळाघोडाकर, जमल्यास जवळून एक फोटो काढा ना, त्यांना छापून देतो.

पुराभिलेख

हे मला माहीत असायला हवं होतं. काळाघोडाकर, नमस्कार. मात्र पेढीचा पैसा कापसातून आणि कंपनीच्या लढायांना दिलेल्या कर्जांतूनही आला, हे आडगावकरांच्या प्रतिसादाशेजारी ठेवून वाचावं.

सातपुड्याखाली

ठेवलं. वाचलं.

ढगाळ_हवा

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. ध्वनिमुद्रणाखाली काळी पाचचा तानपुरा लावला, जुळेना. मंद्रसप्तक म्हणाले तसा थोडा वर सरकवला आणि एकदम ड्रोन आणि तानपुरा एकमेकांत विरघळले. बायको आतून म्हणाली, कोण गातंय?

दुसरं, त्या पाइपरचा निकाल शोधला. पहिल्या चारांत नाव नाही. मला वाईट वाटलं, आजोबांना सांगितलं, परीक्षकाने अन्याय केला असं काहीसं बोललो. आजोबा म्हणाले, "छे. टाओर्लुआत कच्चं होतं. तिसऱ्या ओळीत दोनदा घसरला."

मग टोपी का काढलीत, विचारलं.

"टोपी त्याच्यासाठी नव्हती."